घराण्याचा खातेउतारा

अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड या चिमुकल्या राज्यात, ईस्ट प्रॉव्हिडन्स गावी, १९३१ साली मुलांसाठी एक रुग्णालय सुरू झालं. ब्रॅडली आडनावाच्या एका श्रीमंत घरातली एमा ही मुलगी सातव्या वर्षी मेंदूच्या दाहाने आजारी पडली आणि कायमची अधू झाली. तिच्या आईवडिलांनी आपली इस्टेट अशाच मुलांच्या उपचारांसाठी ठेवली, त्यातून ही संस्था उभी राहिली. पुढे त्याच घराण्यातला चार्ल्स ब्रॅडली हा डॉक्टर तिथला प्रमुख झाला. वर्गात बसवत नाही, कुणाचं ऐकत नाहीत, हातातलं काम टाकून भलतीकडेच धावतात अशी मुलं त्याच्याकडे येत. यांच्या मेंदूच्या रचनेतच काही उणं आहे का, हे त्याला बघायचं होतं.

आता बघायचं म्हणजे कसं? त्या काळी मेंदूचा फोटो काढण्याची एक भयंकर रीत होती. पाठीच्या कण्यात सुई घालून मेंदूभोवतालचं पाणी काढायचं, त्या जागी हवा भरायची आणि मग एक्स-रे घ्यायचा. फोटोत जे दिसायचं ते दिसायचं, पण मुलांचं डोकं मात्र कित्येक दिवस ठणकत राहायचं. त्या डोकेदुखीवर उतारा म्हणून ब्रॅडलीने बेन्झेड्रिन नावाचं उत्तेजक औषध देऊन पाहिलं. डोकेदुखी काही फारशी हटली नाही. पण रुग्णालयातल्या शाळेत एक नवल घडलं. एरवी पाच मिनिटं एका जागी न बसणारी मुलं वही उघडून गणितं सोडवायला लागली. मुलांनी स्वतःच त्या औषधाला ‘गणिताच्या गोळ्या’ असं नाव दिलं. १९३७ मध्ये ब्रॅडलीने ३० मुलांवरचा अनुभव छापला. त्यातल्या १४ जणांच्या अभ्यासात ठळक फरक पडला होता.

शोधायला गेला रचना आणि हाती लागलं औषध. त्या मुलांच्या मेंदूची रचना नेमकी कशी होती, हे मात्र त्या हवा भरलेल्या फोटोंनी काही सांगितलं नाही.

मी डॉक्टर नाही. तीस-बत्तीस वर्षं बँकेत काढली, कर्जाचे अर्ज तपासले, आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या. तरी या विषयाच्या मागे लागलो, त्याचं कारण आमचा संध्याकाळचा कट्टा. आम्ही सगळे साठीपलीकडचे. पूर्वी गप्पा गुडघे, साखर आणि महागाई भत्ता यांच्यावर चालायच्या. गेल्या काही वर्षांत त्यात नातवंडांच्या एडीएचडीची भर पडली आहे. दोघातिघांच्या घरी हे निदान झालेलं. एक जण म्हणतो, ‘आमच्या वेळी याला व्रात्यपणा म्हणायचे.’ दुसरा म्हणतो, ‘मास्तरांची छडी हेच औषध.’ तिसरा काही बोलत नाही. त्या तिसऱ्याविषयी पुढे सांगणार आहे. डॉक्टर मित्रांकडून शोधनिबंध मागून घेतले, शब्दकोश शेजारी ठेवून वाचले, अडलं तिथे त्यांना फोन करून सतावलं. त्यातून जे हाती आलं ते इथे मांडतो आहे.

व्रात्यपणा आणि एडीएचडी यांत फरक आहे, आणि तो ठरवण्याचे नियमही आहेत. अवधान न टिकणं, वेंधळेपणा, चुळबूळ, न विचारता मध्येच बोलणं, पाळी येईपर्यंत दम न धरणं अशी लक्षणं निदान सहा महिने हवीत. ती बाराव्या वर्षाआधीपासून हवीत. घरी आणि शाळेत, अशी किमान दोन ठिकाणी दिसायला हवीत. आणि त्यांच्यामुळे मुलाचं खरोखर नुकसान होत असायला हवं. फक्त गणिताच्या तासालाच कंटाळणारा मुलगा यात बसत नाही. तो बहुधा शहाणा असतो. हा प्रकार आजकालच्या मोबाइलने जन्माला घातलेला नाही, हेही सांगायला हवं. जॉर्ज स्टिल या इंग्रज बालरोगतज्ज्ञाने १९०२ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सपुढे अशाच मुलांवर व्याख्यानं दिली होती.

‘गणिताच्या गोळ्यां’चं एक कोडं मात्र बरीच वर्षं राहिलं. उत्तेजक औषधाने चंचल मूल शांत कसं होतं? त्यावरून लोकांनी ठरवलं की या औषधाने जो शांत होतो, त्याचा मेंदू वेगळा आहे हे सिद्धच झालं. १९७८ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतल्या डॉ. ज्युडिथ रॅपोपोर्ट यांनी असंच औषध १४ निरोगी, अगदी सर्वसाधारण मुलग्यांना देऊन पाहिलं. तीही कमी चुळबूळ करू लागली, त्यांचंही लक्ष अधिक लागलं. म्हणजे गोळीने गुण आला, एवढ्यावरून मेंदूविषयी काहीच ठरत नव्हतं. मेंदूच पाहायला हवा होता, आणि मुलांना इजा न करता.

ते साधलं एमआरआयमुळे. सुई नाही, किरणोत्सर्ग नाही. मोठ्या लोहचुंबकाच्या नळीत मुलाने न हलता पडून राहायचं. (एडीएचडीच्या मुलाला ‘हलू नकोस’ म्हणणं ही केवढी कसोटी आहे, ते त्याच्या आईलाच विचारा.) याच संस्थेने १९९० च्या दशकात शेकडो मुलांचे असे फोटो, तेही दर काही वर्षांनी पुन्हा पुन्हा, घ्यायला सुरुवात केली. २००२ मध्ये डॉ. झेवियर कास्तेयानोस आणि सहकाऱ्यांनी एडीएचडीच्या १५२ आणि इतर १३९ मुलांची तुलना प्रसिद्ध केली. एडीएचडीच्या मुलांचा मेंदू सरासरीने तीनएक टक्क्यांनी लहान निघाला. त्यातली काही मुलं कधीच औषध न घेतलेली होती, आणि फरक त्यांच्यातही होता. औषधांनी मेंदू आक्रसतो अशी भीती अनेक पालकांच्या मनात असते. तिला या अभ्यासात आधार मिळाला नाही.

मला सगळ्यात जास्त भावला तो २००७ चा अभ्यास. डॉ. फिलिप शॉ यांचा. मेंदूच्या वरच्या आवरणाला कॉर्टेक्स म्हणतात. लहानपणी ते जाड होत जातं, एका वयात सर्वांत जाड होतं आणि मग हळूहळू पातळ होऊ लागतं. जादा जोडण्या छाटल्या जातात, माळी झाड छाटतो तशा. शॉ यांनी २२३ एडीएचडीची आणि तेवढीच इतर मुलं घेतली. इतर मुलांमध्ये आवरणाच्या निम्म्या भागाने जाडीचा कळस गाठायचं वय होतं सुमारे साडेसात वर्षं. एडीएचडीच्या मुलांमध्ये तेच साडेदहा. तीन वर्षांचा उशीर, आणि तो सर्वांत जास्त कपाळामागच्या भागात. मनाला लगाम घालण्याचं, बेत आखण्याचं, ‘थांब जरा’ म्हणण्याचं काम तिथे चालतं. गंमत अशी की हातापायांच्या हालचालींचा भाग मात्र या मुलांत किंचित लवकर तयार झालेला दिसला. घोडा आधी पागेबाहेर आणि लगाम मागाहून येणार, अशी अवस्था. रस्ता तोच होता, वेळापत्रक मागे पडलेलं होतं.

२०१७ मध्ये अनेक देशांतल्या केंद्रांनी आपली माहिती एकत्र केली. एडीएचडी असलेले १७१३ आणि नसलेले १५२९ लोक. मेंदूच्या आत खोलवर असलेले काही भाग सरासरीने थोडे लहान निघाले. बदामाच्या आकाराचा अमिग्डाला, जो भावनांच्या उसळीशी निगडित आहे, त्यातला फरक त्यातल्या त्यात मोठा होता. पण ‘मोठा’ म्हणजे केवढा? दोन गट शेजारी उभे केले तर बहुतेक मुलं एकमेकांत मिसळून जावीत, एवढाच. आणि तोही मुलांमध्ये होता, प्रौढांमध्ये असा फरक आढळला नाही.

इथे बँकेतल्या माणसाला एक गोष्ट पटकन समजते. इचलकरंजीच्या शाखेत प्रतिखाते सरासरी ठेव अमुक आहे आणि सांगलीच्या शाखेत त्याहून थोडी कमी आहे, हे खरं असू शकतं. पण म्हणून समोर उभ्या असलेल्या खातेदाराकडे बघून, याच्या खात्यात किती आहे आणि हा कुठल्या शाखेचा, हे कुणी सांगू शकत नाही. सरासरी शाखेची असते. माणसाचा खातेउतारा वेगळा काढावा लागतो.

हे फक्त माझं बँकी शहाणपण नाही. २०११ मध्ये एक जाहीर स्पर्धाच झाली. पावणेआठशे मुलांचे मेंदूचे फोटो आणि त्यांची निदानं संशोधकांना दिली गेली. त्यावरून पद्धत तयार करा आणि मग नव्या मुलांचे फोटो बघून एडीएचडी आहे की नाही ते ओळखा. जगभरच्या हुशार गणितज्ञांनी भाग घेतला. फोटो वापरणाऱ्या चांगल्यात चांगल्या संघांचं उत्तर शंभरात साठएक वेळा बरोबर आलं. आणि कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या संघाने फोटोंना हातही न लावता, मुलाचं वय, मुलगा की मुलगी, डावखुरा की उजवा, बुद्ध्यांक अशी अर्जावरची साधी माहिती वापरली. त्यांचं उत्तर बासष्टएक वेळा बरोबर! स्पर्धा फोटोंची असल्यामुळे त्यांना बक्षीस मिळालं नाही. कर्जाच्या अर्जावरची माहिती नीट वाचावी, असं आमचे एक जुने मॅनेजर नेहमी सांगत. ते हयात असते तर खूश झाले असते.

म्हणून कुणी ‘मुलाच्या मेंदूचा नकाशा काढून एडीएचडीचं पक्कं निदान करून देतो’ म्हणून हजारो रुपये मागत असेल, तर पाकीट खिशातच ठेवावं. आमच्या कट्ट्यावरच्या एकाने रंगीत नकाशे असलेली तशी फाइल आणली होती. बालमनोविकारतज्ज्ञाने ती न उघडताच बाजूला ठेवली आणि विचारलं, ‘घरात कुणाला काही त्रास?’

या प्रश्नापाशी आपण दुसऱ्या आजाराकडे वळतो. बायपोलर, ज्याला पूर्वी मॅनिक डिप्रेशन म्हणत. एडीएचडी हा स्वभावासारखा सततचा असतो, काल होता तसा आज. बायपोलर लाटांनी येतो. आठवडेच्या आठवडे नैराश्याचा अंधार, मग बरा काळ, आणि कधी तरी उन्मादाची भरती. त्या भरतीत माणूस दोन तास झोपून ताजातवाना उठतो, वारेमाप खर्च करतो, अचाट बेत आखतो, बोलण्याला खळ पडत नाही. चंचल मूलही रात्री लवकर झोपत नाही, पण दुसऱ्या दिवशी पेंगतं. उन्मादातल्या माणसाला झोपेची गरजच वाटत नाही. हा फरक ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

बायपोलर घराण्यात फिरतो, हे जुनंच निरीक्षण. पेनसिल्व्हेनियात लँकेस्टर परगण्यात आमिश नावाचा ख्रिस्ती पंथ राहतो. घोडागाडीने फिरणारे, वीज-मोटारींपासून दूर राहणारे, दारू-अफू वर्ज्य असलेले, आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या वंशावळी जपणारे लोक. डॉ. जॅनिस एगलँड यांनी त्यांच्यात वर्षानुवर्षं काम केलं. १८८० ते १९८० या शंभर वर्षांत त्या समाजात २६ आत्महत्या झाल्याची नोंद त्यांना मिळाली, आणि त्यातल्या जवळजवळ तीन चतुर्थांश फक्त चार घराण्यांतल्या होत्या. तिथल्या लोकांना याचं आश्चर्य नव्हतं. ‘ते रक्तातच आहे’ असं ते त्यांच्या बोलीत म्हणत. मात्र त्याच अभ्यासात आणखीही एक गोष्ट होती, जी कमी सांगितली जाते. भावनांच्या आजाराचा तितकाच भार असलेली, पण एकही आत्महत्या न झालेली घराणीही तिथे होती.

१९८७ मध्ये याच आमिश कुटुंबांच्या रक्तावरून ‘मॅनिक डिप्रेशनचं जनुक अकराव्या गुणसूत्रावर सापडलं’ अशी बातमी जगभर झळकली. दोनच वर्षांत, १९८९ मध्ये, आणखी नातलग तपासल्यावर आणि काही जणांची प्रकृती बदलल्यावर तो निष्कर्ष टिकला नाही. आज चित्र पार वेगळं आहे. २०२१ च्या एका प्रचंड अभ्यासात या आजाराशी संबंध असलेल्या ६४ जागा जनुकसाखळीत सापडल्या, २०२५ मध्ये तो आकडा २९८ वर गेला. प्रत्येक जागेचा वाटा चिमूटभर. रक्तात आहे हे खरं, पण एका ठिकाणी नाही.

घरात आई किंवा वडिलांना बायपोलर असेल तर मुलाला तो होण्याची शक्यता किती? सर्वसाधारण समाजात शंभरात एक-दोन, तर अशा मुलांमध्ये साधारण शंभरात दहाच्या आसपास. हा आकडा दोन्ही बाजूंनी वाचावा. धोका कितीतरी पटींनी जास्त आहे, आणि तरी शंभरातल्या नव्वदांना तो आजार होत नाही.

आता ज्या मुलात दोन्ही धागे एकत्र येतात त्याचं काय? स्वतःला एडीएचडी आणि घरात बायपोलर. मेंदूच्या रचनेच्या दृष्टीने हे मूल मोठं गूढ आहे. एडीएचडीच्या मुलांत कवटीच्या आतला अवकाश सरासरीने किंचित लहान आढळतो. उलट, २०१९ च्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात बायपोलर रुग्णांच्या जवळच्या नातेवाइकांमध्ये तो किंचित मोठा आढळला. एक धागा इकडे ओढतो, दुसरा तिकडे. म्हणजे एडीएचडीची सगळी मुलं एका पोत्यात घालून मोजमाप केलं तर वेगवेगळ्या रचना एकमेकींना पुसून टाकत असतील. ओहायो राज्यातल्या सिनसिनाटी विद्यापीठात डॉ. मेलिसा डेलबेलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी म्हणूनच ही मुलं वेगळी काढली. एडीएचडी आहे आणि आईवडील-भावंडांत बायपोलर आहे, एडीएचडी आहे पण घरात बायपोलर नाही, आणि दोन्ही नाही, असे तीन गट. या गटांच्या मेंदूत फरक आढळतात. वरून सारखीच दिसणारी चंचलता आतून एकच नसावी, असं त्यावरून वाटतं. पण गट लहान आहेत, आणि फरक पुन्हा सरासरीचेच आहेत. एका मुलाच्या फोटोवरून भविष्य सांगण्याइतकं त्यात काही नाही.

एवढा खटाटोप कशासाठी, तर औषधासाठी. ब्रॅडलीच्या गोळ्यांचे वंशज आजही एडीएचडीवरचे पहिल्या पसंतीचे उपचार आहेत, आणि लाखो मुलांना त्यांचा फायदा होतो. पण ज्याच्यात बायपोलरचं बीज आहे त्याला उत्तेजक औषध दिलं तर? स्वीडनमध्ये सरकारी नोंदवह्या फार चोख असतात. तिथल्या २३०० हून अधिक बायपोलर रुग्णांचा अभ्यास २०१७ मध्ये छापून आला. मनःस्थिती स्थिर ठेवणाऱ्या औषधाची जोड न देता मेथिलफेनिडेट हे उत्तेजक सुरू केलेल्यांत, पहिल्या तीन महिन्यांतच उन्मादाचं प्रमाण सहा पटींहून अधिक वाढलं. जोड दिलेल्यांत असं झालं नाही. हे रुग्ण आधीच बायपोलर असलेले प्रौढ होते. ज्या मुलाला फक्त कौटुंबिक धोका आहे, त्याला हे जसंच्या तसं लागू करता येत नाही. अशा मुलाला औषध द्यायचंच नाही, असाही याचा अर्थ नाही. डॉक्टरांना आधी कळलं तर ते बेताने सुरुवात करतील, लवकर लवकर बोलावतील, झोपेवर नजर ठेवायला सांगतील.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर वाचणाऱ्या आईच्या पोटात उगाच गोळा यायचा. चंचल आणि तापट मूल म्हणजे उद्याचा बायपोलर, असं समीकरण एकदा अमेरिकेत मांडून झालं आहे. तिथे १९९४-९५ मध्ये दर लाख मुला-किशोरांमागे बायपोलरच्या निदानाने डॉक्टरकडे झालेल्या भेटी २५ होत्या, २००२-०३ मध्ये त्या हजारावर गेल्या. चाळीस पट! आठ वर्षांत आजार चाळीस पट होत नाहीत, शिक्के होतात. पुढे डॉ. एलन लायबनलुफ्ट यांनी सतत चिडचिड करणाऱ्या मुलांचा माग काढला, तेव्हा मोठेपणी त्यांना उन्माद क्वचितच झालेला दिसला. नैराश्य आणि चिंता मात्र दिसली. कॅनडातल्या डॉ. ॲन डफी यांनी बायपोलर आईवडिलांची मुलं कित्येक वर्षं पाहिली. त्यांच्या निरीक्षणात आजाराची चाहूल बहुतेकदा लहानपणच्या चिंतेतून आणि बिघडलेल्या झोपेतून लागते, किशोरवयात आधी नैराश्य येतं, उन्माद मागाहून. एडीएचडी ही त्या वाटेवरची हमखास पायरी नाही. अमेरिकेतले काही अभ्यास मात्र अशा घरांतल्या मुलांत एडीएचडी जास्त असल्याचं सांगतात. तज्ज्ञांत मतभेद आहेत, आणि ते असू द्यावेत.

आपल्याकडेही काम चालू आहे. बेंगळुरूच्या निमहान्स या संस्थेत, एकाहून अधिक व्यक्तींना गंभीर मानसिक आजार आहे अशा कुटुंबांचा दीर्घ अभ्यास सुरू आहे. आजारी आणि निरोगी अशा दोन्ही नातलगांची तपासणी, मेंदूचे फोटो, रक्तातल्या पेशी, सगळं त्यात आहे. अशा अभ्यासाला यंत्रं विकत आणता येतात. आपल्या घराण्यात काय आहे ते मोकळेपणी सांगणारी माणसं कुठून आणायची?

कारण आपली घरं ही बोलत नाहीत. माझ्या लहानपणी प्रत्येक वाड्यात एक मागची खोली असायची आणि तिच्यात कुणी तरी असायचं. ‘काकूंची तब्येत बरी नसते.’ ‘दादांचं डोकं तापतं.’ ‘तिच्या अंगात येतं.’ भाषा एवढ्यावर थांबायची. लग्न जुळवताना गोत्र, नाडी, पत्रिका, पगार, शेतीचा सातबारा, सगळं पाहिलं जायचं. हे मात्र दोन्हीकडचे लोक दडवायचे, आणि दुसरा दडवतो आहे हे दोघांनाही माहीत असायचं. कादंबरीकाराला अशा खोल्या फार उपयोगी पडतात. डॉक्टरला मात्र त्यांची दारं बंदच मिळतात.

आता कट्ट्यावरच्या त्या तिसऱ्याविषयी. माझे बँकेतले जुने सहकारी. त्यांच्या मुलीच्या परवानगीने आणि ओळख पटू नये इतके तपशील बदलून सांगतो आहे. मुलगी कॉलेजात असताना, विसाव्या वर्षी, परीक्षेच्या आधी सहा रात्री झोपली नाही. घरातल्या भिंतींवर सूत्रं लिहिली, वर्गातल्या सगळ्यांसाठी दुकानातून उधारीवर घड्याळं आणली. तिला रुग्णालयात ठेवावं लागलं. निदान बायपोलर. लिथियम सुरू झालं. हे औषध या आजारावर चालतं हे ऑस्ट्रेलियातल्या जॉन केड यांनी १९४९ मध्ये दाखवून दिलं, आणि आजही ते टिकून आहे. मुलीला त्याने उत्तम गुण आला. पदवी, नोकरी, लग्न, सगळं रीतसर झालं. लग्नाच्या वेळी वडिलांनी तिला बजावलं होतं, ‘हा विषय कधीच काढायचा नाही.’ तिने काढला नाही. लिथियम घेणाऱ्याला ठरावीक काळाने रक्त तपासावं लागतं, थायरॉइडही पाहावं लागतं. ती सासरी सांगायची, ‘थायरॉइडची तपासणी आहे.’ तसं पाहिलं तर खोटं नव्हतं.

तिचा मुलगा अकरा वर्षांचा झाला आणि शाळेच्या तक्रारींवरून त्याला डॉक्टरकडे नेलं. एडीएचडी. तिथल्या अर्जावर प्रश्न होता, ‘रक्ताच्या नात्यात कुणाला मानसिक आजार?’ नवरा शेजारी बसला होता. तिने ‘नाही’वर खूण केली. गोळ्यांची चिठ्ठी मिळाली. त्या रात्री तिने वडिलांना फोन केला. ‘बाबा, मी गोळ्या आणल्यात, पण त्याला दिल्या नाहीत. काय करू सांगा.’

दुसऱ्या दिवशी ते माझ्याकडे आले. खुर्चीत बसून बराच वेळ नुसता चहा ढवळत होते. मग म्हणाले, ‘तुम्ही एवढं वाचताय, तर सांगा, तो मेंदूचा फोटो काढला तर कळेल का हो? म्हणजे मग सांगायची वेळच येणार नाही.’

मी त्यांना वर लिहिलेलं सगळं सांगितलं, अर्थात इतक्या फापटपसाऱ्याशिवाय. फोटोत ते दिसणार नाही. ते फक्त तिला आणि तुम्हाला माहीत आहे. शिवाय डॉक्टरला सांगितलेलं डॉक्टरपाशीच राहतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला तो हक्कच दिला आहे. नवऱ्याला सांगायचं की नाही आणि केव्हा, हे तिचं तिने ठरवावं. पण डॉक्टरला सांगायला तिची वाट अडवू नका.

ते मुलीबरोबर स्वतः गेले. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी जुना अर्ज बाजूला ठेवला, कोरा कागद घेतला आणि वंशावळ काढायला बसले. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ. मुलाचा चौकोन, वर आईचं वर्तुळ, ते त्यांनी अर्धं काळं केलं. मग पेन वर सरकलं. ‘आजोबा, तुमच्या आई कशा होत्या?’

सहकारी मला म्हणाले, ‘सत्तरीला आलो, पण हा प्रश्न मला कुणी विचारलाच नव्हता.’ त्यांच्या आई वर्षातून दोन-दोन महिने मागच्या खोलीत अंथरुणावर असत, कुणाशी बोलत नसत. आणि एखाद्या चैत्रात रात्रभर जागून साऱ्या आळीचे पापड करत, गात, दागिने वाटून टाकत. घरात म्हणायचे, देवीचं आहे. डॉक्टरांनी ते वर्तुळही अर्धं काळं केलं आणि शेजारी प्रश्नचिन्ह काढलं.

गोळी रद्द झाली नाही, लहान करून दिली गेली. दर पंधरा दिवसांनी दाखवायला यायचं. शाळेला पत्र, पुढच्या बाकावर जागा, गृहपाठाचे तुकडे पाडून देणं, हे सगळं चालू झालं. आणि एक दोनशे पानी वही. मुलगा किती वाजता झोपला, किती वाजता उठला, आणि उठल्यावर पेंगत होता की टवटवीत होता, एवढं रोज लिहायचं. कपाळामागचा भाग तीन वर्षं उशिराने का होईना पण तयार होतो, हे डॉक्टरांनी मुलालाच चित्र काढून समजावलं. ‘म्हणजे मी चौदा वर्षांचा झाल्यावर अकराचा होणार?’ असं त्याने विचारलं म्हणे.

ती वही परवा मला पाहायला मिळाली. सुरुवातीची पानं आईच्या अक्षरात आहेत. मधली काही आजोबांच्या, बँकेतल्या लेजरसारखी, खाली रेघ मारून बेरीज केलेली. गेल्या महिन्यापासून तिसरं अक्षर दिसतं आहे, जावयाचं. त्याच्याशी कोण काय बोललं ते मी विचारलं नाही.